शनिवारी इंजिन बंद

"क्वाड घेऊ की डर्ट बाइक?" हा प्रश्न मला जितक्या माणसांनी विचारला असेल, तितक्यांनी "कसे आहात?" असंही कधी विचारलं नसेल. फोनवर विचारतात, गाडीतून उतरता उतरता विचारतात. एका गृहस्थांनी तर माझ्याच नात्यातल्या लग्नात, हातात अक्षता असताना विचारलं होतं. मी म्हटलं, आधी मुलगी सासरी जाऊ दे, मग सांगतो.

माझं काम असं आहे की पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात मी लोकांना ट्रेलवर नेतो. ट्रेल म्हणजे जिथे डांबर नाही अशी कुठलीही वाट. बैलगाडीची जुनी चाकोरी असेल, ओढ्याचं कोरडं पात्र असेल, नाहीतर मोकळा माळ. ज्या वाटेने आमचे वाडवडील नाइलाज म्हणून डोक्यावर ओझं घेऊन चालले, त्या वाटेने सुट्टीच्या दिवशी हौसेने धूळ खायला शहरातली माणसं येतात, हे आमच्या गावाला अजून नीटसं पटलेलं नाही. मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं. मी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या वर्कशॉपला होतो. शिफ्ट, डबा, सायरन, परत शिफ्ट. निवृत्त झालो तेव्हा पेणच्या अमेयने हा उद्योग काढला होता. त्याला इंजिन समजणारा आणि डोंगर माहीत असलेला माणूस हवा होता. मला घराबाहेर काढणारं काहीतरी हवं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला. रिकाम्या घरात घड्याळाचा आवाज किती मोठा येतो, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

आता प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत सांगता येईल.

डर्ट बाइक म्हणजे उंच, हलकी, खरबरीत टायरची मोटरसायकल. मागे बसायला जागा नाही, दिवे नाहीत, नखरा नाही. ती पडते. पहिल्या दिवशी तर हमखास पडते. पण पडते ती आडवी, आणि आपण बाजूला. कपडे झटकायचे, उचलायची, चालू लागायचं. क्वाड म्हणजे एटीव्ही, चार जाड चाकांची. आमच्या गावातली माणसं तिला चार चाकांची फटफटी म्हणतात आणि ते नाव मला जास्त आवडतं. तिच्यावर तोल सांभाळावा लागत नाही. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की निघाली. म्हणून लोकांना ती सुरक्षित वाटते. ती सुरक्षित नाही, ती फक्त लवकर पडत नाही. उतारावर आडवी घातली आणि अंग डोंगराकडे झुकवलं नाही तर ती कलंडते, आणि कलंडली की आपल्या अंगावर येते. तीन क्विंटलच्या घरातलं वजन आहे. बाइक एक-सव्वा क्विंटलची.

क्वाडवर आमच्या लोकांची एक ठरलेली चूक होते. आपल्याकडे शेंबडं पोर स्कूटर शिकतं. गाडी कलली की पाय खाली टेकवायचा, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. क्वाडवर तसा पाय टाकला की मागचं चाक आपल्याच पोटरीवर चढतं. मी दर बॅचला घसा फोडून सांगतो, पाय टेकायचा नाही, पाय टेकायचा नाही. सगळे माना डोलावतात आणि पहिल्या वळणावर पाय खाली. एक दंतवैद्य आले होते, वीस मिनिटं मला या गाड्यांचे व्हिडिओ किती पाहिलेत ते सांगत होते. फाटकातून बाहेर पडायच्या आत त्यांनी स्वतःच्या बुटावर स्वतःची गाडी चढवली. पायाला काही झालं नाही, पण नंतर दिवसभर ते माझ्याशी फार आदराने बोलले.

नवराबायको येतात तेव्हा वेगळीच गंमत. नवरा म्हणतो, मी बाइक घेतो, हिला क्वाड द्या. मी देतो. दुपारपर्यंत नवरा चारदा लोळलेला असतो आणि बायको माळावर जाऊन, शांतपणे पाणी पिऊन, त्याची वाट बघत बसलेली असते. घटस्फोटाला कारण होऊ नये म्हणून मी अशा वेळी नवऱ्याच्या गाडीच्या क्लचला नावं ठेवतो.

तेव्हा उत्तर असं की, अरुंद वाट, दगड, चढ आणि शिकायची तयारी असेल तर बाइक. रुंद वाट, घरची माणसं, एका दिवसाची हौस असेल तर क्वाड. हे सांगायला एक मिनिट पुरतं. पण मला स्वतःला जेव्हा हा प्रश्न पडला तेव्हा मात्र एक अख्खा आठवडा पुरला नाही. सांगायचं आहे ते त्याबद्दल.

पण त्याआधी या कामातलं एकटेपण सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सगळ्यांच्या पुढे असतो. डोक्यावर हेल्मेट, कानात इंजिन, मागे धूळ आणि धुळीत माणसं. सकाळी त्यांना सूचना देतो, संध्याकाळी त्यांच्याबरोबर फोटोत उभा राहतो, मधल्या सगळ्या वेळात एक शब्द बोलत नाही. बोलणार कुणाशी आणि ऐकणार कोण? माणसं मला काका म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि निघून जातात. परत तीच माणसं सहसा येत नाहीत. दिवसभर माणसांत असून कुणाशीच न बोलता घरी यायचं, हे मला कंपनीत कधी वाट्याला आलं नव्हतं. तिथे निदान भांडायला तरी फोरमन होता.

आमच्या ट्रेलवर वर डोंगरात एक जुनी वाडी लागते. नाव सांगत नाही, रविवारी तिथे गर्दी व्हायला नको. वाडीतली घरं एकेक करून खाली सडकेला आली. राहिलं एकच घर, आणि त्यात एकटी राहणारी रिबकाबाय. सत्तरीच्या पुढची, सडसडीत, नऊवारी नेसणारी, जिभेला धार. ती बेने इस्रायल. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वी तेलाचे घाणे असायचे आणि ते धर्माप्रमाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणत. आता त्यांची बहुतेक घरं इस्रायलला गेली. हिचा भाऊही गेला आणि तिकडेच वारला; त्याचा मुलगा अश्दोदला असतो. हिचा नवरा इथल्या मातीत आहे, मूलबाळ नाही, आणि ही राहिली.

तिच्या घराच्या एका अंगाला ओढ्याची घळ आणि दुसऱ्या अंगाला कडा. त्यामुळे माळावर जाणारी वाट बरोबर तिच्या अंगणातून जाते, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. वहिवाट जुनी आहे, कुणी अडवत नाही. पहिल्यांदा आम्ही बाइक घेऊन त्या अंगणात शिरलो तो नेमका शनिवार होता. ही ओट्यावरून उतरली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"बंद कर! आधी ते बंद कर!"

मी इंजिन बंद केलं. मागच्यांनीही केलं. मला वाटलं, म्हातारीला आवाजाचा त्रास होतोय.

"आवाजाचं काय नाय रे," ती म्हणाली. "सोमवारी ये, मंगळवारी ये, ढोल वाजवत ये. शनवारी ह्या अंगनात यंत्र चालायचं नाय. माझा आजा शुक्रवारी सांजेला घान्याचा बैल सोडायचा. बापाने सोडला. तू कोन लागून गेलास?"

"पन बाय, आम्ही जानार कुठून? दुसरी वाट नाय."

"वाट मी कुठं अडवतेय? ढकलत ने."

तेव्हापासून तो आमचा नियमच झाला. शनिवारी खालच्या गडग्यापाशी इंजिन बंद करायचं, उतरायचं आणि गाडी ढकलत अंगण पार करायचं. अंगणाला चढ आहे, चांगला दमवतो. गिऱ्हाइकं विचारायची, काका, हे कशाला? मी चेहरा गंभीर करून सांगायचो, ट्रेनिंगचा भाग आहे, याने गाडीचं वजन हाताला कळतं. सगळ्यांना ते फार शास्त्रीय वाटायचं. एकाने तर पुढच्या वेळी जास्त अंतर ढकलायला द्या अशी विनंती केली.

आणि गाड्या ढकलून दमलेली माणसं पलीकडच्या सावलीत बसली की मी हेल्मेट काढून ओट्यावर टेकायचो. शनिवारी रिबकाबायला काही काम करायचं नसायचं. चूलसुद्धा पेटवायची नाही. शुक्रवारीच सगळं करून ठेवलेलं. पाणी सगळ्यांना मिळायचं, पण आदल्या दिवशी वाफवलेली सांदणं मला एकट्याला.

"ह्या खेपेला काय आनलंस?" ती सावलीतल्या माणसांकडे बघून विचारायची. "डोक्यावर हंडे घालून चाललीत सगळी. घरी आया नायत काय ह्यांना?"

"हायत गो. त्याच पाठवतात, घरात पसारा नको म्हनून."

असलं काहीबाही. कधी ती पेणच्या प्रार्थनामंदिराची गोष्ट सांगायची. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आता सणालासुद्धा दहा जमवताना नाकी नऊ येतात. कधी मी मुलीच्या फोनबद्दल सांगायचो. माझी बायको मंगल तिला भेटली नव्हती, पण मंगल कशी भांडायची हे तिला पाठ झालं होतं. बायकोबद्दल मी इतकं कुणाशीच बोललो नव्हतो, मुलीशीसुद्धा नाही. मुलगी रडते, मग मी विषय बदलतो. रिबकाबाय रडायची नाही. ती म्हणायची, "तिचंच बरोबर होतं, तू हायसच तसला." बरं वाटायचं.

पाऊणएक तासाने मी उठायचो. आठवडाभरातलं माझं बोलणं ते तेवढंच. सोमवारी अमेयच्या वर्कशॉपमध्ये एखादी गोष्ट सुचली तर मी ती शनिवारसाठी राखून ठेवायचो.

मग एके दिवशी अमेयने मला पेणला चहाला बोलावलं. मुलगा सरळ आहे, मला मान देतो. म्हणाला, "काका, चौकशा येतात त्या सगळ्या फॅमिलीच्या. बाइक म्हटलं की बायका आणि वडीलधारी मागे सरतात. आपण क्वाड घ्याव्यात का? की आहेत त्याच बाइक नव्या घेऊ? दोन्ही एकदम जमणार नाही. तुम्ही सांगाल ते घेऊ."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. वास्तविक विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांना क्वाडच बरी, हे मला चहा संपायच्या आत कळलं होतं. पण क्वाड ढकलता येत नाही. तीन क्विंटलचं धूड त्या चढावर चार माणसांना हलत नाही. क्वाड आली की शनिवारी अंगणात इंजिन चालणार, नाहीतर शनिवारची वाट बदलणार. दोन्हीकडून माझा ओटा जाणार. मी बाइक म्हणालो असतो तर अमेयने डोळे मिटून बाइक घेतल्या असत्या. "क्वाड उलटते हो," एवढं म्हटलं की झालं, आणि ते खोटंही नव्हतं.

आठवडाभर मी स्वतःशी घोळ घालत होतो. शेवटी मधल्या वारी एकटाच वर गेलो. रिबकाबाय शेतात होती. भात काढून झाल्यावर त्याच ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात, त्यातलं तण ती काढत बसली होती. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. एक सोडून. मला ओटा हवा आहे, हे सांगितलं नाही. तिच्या शनिवारची काळजी आहे असंच बोललो.

तिने हातातलं तण बांधावर टाकलं. "त्याने कुनाला विचारलंय?"

"मला."

"तुला कळतं म्हनून विचारलंय ना? मंग जे खरं ते सांग. माझ्यासाठी खोटं बोलशील तर मला ते नको. शनवारचं माझं मी बघीन."

"पन बाय..."

"ऊठ आता. माझं काम पडलंय."

मी अमेयला क्वाड सांगितली. एकच अट घातली, शनिवारी क्वाड वरच्या वाटेने न्यायच्या नाहीत. तो लगेच कबूल झाला. मुलगा सरळ आहे म्हटलं ना. ठरलं असं की शनिवारी क्वाड खालून, धरमतर खाडीच्या अंगाला असलेल्या सपाटीवरून जातील. उरल्यासुरल्या बाइक तरुण मुलं वरून नेतील आणि अंगणातून ढकलतील. क्वाडवर घरची माणसं, म्हणून त्यांच्यापुढे वयस्कर, जबाबदार माणूस हवा. तो मी. माझे गुडघेही बोलायला लागले होते, तेव्हा अमेयला वाटलं की आपण काकांची सोय बघितली. मी आभार मानले.

खालची वाट चांगली आहे. एका बाजूला खाऱ्या पाण्याचे बांध, बगळे, वारा. बायकांना, म्हाताऱ्यांना फार आवडते. मला ती कधीच आवडली नाही. शनिवार आला की मी सपाटीवरून डोंगराकडे बघायचो. वाडी तिथून दिसत नाही, नुसता डोंगर दिसतो. राखून ठेवलेल्या गोष्टी साठत गेल्या, मग शिळ्या झाल्या, मग सुचायच्याच बंद झाल्या.

कुणी म्हणेल, इतर वारी जायचं होतं. गेलो होतो की. दोनदा गेलो. पण इतर वारी ती वेगळी बाई होती. एकदा शेंगा सोलायच्या होत्या, एकदा छपराची कौलं उतरवायला माणूस आला होता. "आलास? बस. नाय, बसू नको, ती शिडी धर." शिडी धरली, परत आलो. बोलणं व्हायला दोन्ही माणसं रिकामी लागतात, आणि ती रिकामी असायची फक्त शनिवारी. शनिवारी मी खाडीवर, एखाद्या आजोबांना सांगत असायचो, पाय टेकायचा नाही.

असे दोन हंगाम गेले. मग बाइक नेणाऱ्या मुलांपैकी एकजण निरोप घेऊन आला. "काका, वरची आजी म्हणते, सोमवारी चार चाकांची घेऊन या. दोघं बसतात ती."

मला वाटलं, आजारी आहे. आमच्याकडे दोघांसाठीची एक लांब बांध्याची क्वाड आहे, ती घेऊन मी सोमवारी सकाळीच वर गेलो. रिबकाबाय नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. दार लावलेलं, कडीला कुलूप.

"भाचा आलाय," ती म्हणाली. "खाली सडकेला गाडी घेऊन थांबलाय. सामान काल मानसं लावून नेलंन. मला काय आता उतार उतरवत नाय. तू ने."

"कुठं चाललीस?"

"अश्दोदला. अजून कुठं?"

मी तिला ओट्यावरून गाडीवर घेतलं, हेल्मेट दिलं. ते तिने घातलं नाही, मांडीवर धरलं. "ह्यो हंडा मी नाय घालायची." मी आयुष्यात कुणाला हेल्मेटशिवाय नेलं नाही. तिला नेलं. सर्वांत खालच्या गिअरमध्ये टाकली. उतारावर क्वाड अशीच न्यायची असते, ब्रेक कमी, इंजिनावर रोखून धरायची. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षाही हळू नेत होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. या कामात माझ्या मागे कधी कुणी बसलं नव्हतं.

अर्ध्या वाटेत एक आंबा आहे, तिथे थोडी सपाटी. तिने खांद्यावर थोपटलं.

"बंद कर जरा."

मी बंद केली. "काय झालं गो? कंबर धरली?"

"नाय. बोलायचंय. ह्या घरघरीत तू काय ऐकनार?"

मी हेल्मेट काढलं आणि तिच्याकडे वळून बसलो.

"मी का चाललेय ते तू विचारलं नायस."

"भाचा बोलावतोय म्हनून."

"तो कवापासून बोलावतोय. तवा गेले काय?" तिने मांडीवरचं हेल्मेट नीट धरलं. "शनवार जात नाय रे मला. बाकीचे दिवस हातापायाला काम असतं. शनवारी काम नाय करायचं, मंग बोलायला तरी मानूस पायजे. आधी वाडी होती. वाडी गेली, मंग तू यायचास. आता ती पोरं येतात. चांगली हायत, गाडी ढकलतात, हात जोडतात, पानी पितात. पन डोक्यावरचे हंडे काय काढत नायत. हंड्याशी मी किती बोलू?"

"मी खाली गेलो म्हनून?"

"तू खरं ते सांगितलंस. सांग म्हनून मीच म्हटलं. त्यात तुझी चूक नाय, माझी पन नाय. पन झालं तसं."

"मला सांगायचंस ना गो. मी आलो असतो. नोकरी सोडून आलो असतो."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

बांधावर बसून मी तिच्या शनिवारची काळजी केली होती, आणि तिने मला खरं बोलायला लावून माझी इभ्रत राखली होती. दोघांनी एकमेकांचं भलं केलं आणि दोघं एकटे पडलो. एवढं एक वाक्य, "हे शनिवारचं बसणं मला हवंय", ते दोघांपैकी कुणीही बोललं असतं तर ती त्या सोमवारी गाडीवर बसली नसती. मला त्या आंब्याखाली रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"चल," ती म्हणाली. "पोरगा सडकेला खोळंबलाय."

सडकेवर भाचा उभा होता, चाळिशीचा, उन्हाने लाल झालेला. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने माझे आभार मानले. आत्याला नीट आणलंत म्हणाला. रिबकाबाय गाडीत बसली, काच खाली केली, माझ्या गालाला हात लावला. "जेव वेळेवर," म्हणाली. एवढंच. गाडी वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो. मग रिकामी क्वाड घेऊन परत वर्कशॉपला आलो आणि संध्याकाळपर्यंत एकाच कार्ब्युरेटरशी खेळत बसलो. तो आधीच साफ होता.

अमेयला दोन दिवसांनी कळलं. त्यालाही वाईट वाटलं. पण त्याला धंदा करायचा आहे, आणि माळावरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो. जरा चाचरत त्याने विचारलं, "काका, मग आता शनिवारी क्वाड वरून न्यायला हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

दुसरं काय म्हणणार होतो? हरकत घेणारं माणूस गेलं होतं.

त्या शनिवारी माझ्या मागे दोन कुटुंबं होती. मी खालच्या गडग्यापाशी पोचलो आणि माझ्या हाताने आपोआप किल्ली फिरवली. मागच्यांना वाटलं, विसाव्याची जागा आहे. त्यांनीही इंजिनं बंद केली, हेल्मेटं काढली. एक बाई अंगणात गेल्या, ओट्यावर टेकल्या, टोपीने वारा घेत म्हणाल्या, "किती शांत आहे इथे! काका, कुणी राहत नाही का?"

मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. बाई चांगल्या होत्या, रिकाम्या होत्या, हेल्मेट काढून बसल्या होत्या. तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "चला, उशीर होतो."

क्वाडवर बसलो. उतरून ढकलावी तर ती ढकलता येत नाही. परत फिरावं तर मागे पोराबाळांच्या गाड्या वाटेत उभ्या. किल्ली फिरवली, बटण दाबलं, आणि शनिवारी त्या अंगणात मी स्वतः इंजिन चालू केलं. मागोमाग बाकीच्यांनी केली. दोन गडग्यांच्या मध्ये तो आवाज एवढा मोठा झाला की मला स्वतःचा श्वास ऐकू येईना. ट्रेलवर पुढे असणाऱ्याने दर वळणावर मागे वळून पाहायचं, सगळे येतायत ना ते बघायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. त्या दिवशी माळ येईपर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही.